वांद्रे पश्चिम, १४ एप्रिल २०२०: गाडीची बातमी आणि गर्दी

वांद्रे स्टेशनच्या दोन बाजू मुंबईकराला समजावून सांगाव्या लागत नाहीत. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. लांब पल्ल्याच्या गाड्या जिथून सुटतात ते वांद्रे टर्मिनस पूर्वेला आहे, लोकलच्या स्टेशनपासून बरंच चालत जावं लागतं. पश्चिमेला बसचा डेपो, रिक्षांची रांग, बाजार आणि समोरच जामा मशीद. कोरोनाच्या टाळेबंदीत, १४ एप्रिल २०२० रोजी दुपारी, हजारभर परप्रांतीय मजूर जमले, काहींच्या अंदाजाने दोन हजारांहून जास्त. ते जमले पश्चिमेला. गावाकडे जाणारी एकही गाडी त्या बाजूने सुटत नाही.

पोलिसांनी आधी समजावलं, मग सौम्य लाठीमार केला, आणि साधारण दोन तासांत रस्ता रिकामा झाला. जमलेल्या अनोळखी लोकांवर गुन्हा नोंदला गेला. मजुरांना घरी सोडा म्हणून समाजमाध्यमांवर मोहीम चालवणाऱ्या नवी मुंबईच्या एका कार्यकर्त्याला अटक झाली. दुसऱ्या दिवशी 'एबीपी माझा' या मराठी वृत्तवाहिनीच्या उस्मानाबादच्या प्रतिनिधीलाही अटक झाली. त्याच्यावरचा आरोप थोडक्यात असा, की मजुरांसाठी रेल्वेगाड्या सुटणार असल्याची बातमी त्याने दिली आणि तिच्यामुळे ही गर्दी जमली.

बातमीमुळे गर्दी जमली, या तीन शब्दांसाठी हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा उघडतो. काही वर्षं वृत्तवाहिनीच्या डेस्कवर काढली, आता पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. साथीच्या काळात स्थानिक बातमी लोकांना कशी हलवते किंवा जागेवर धरून ठेवते, हे समजून घ्यायला महाराष्ट्रात याहून जवळचं उदाहरण मला दिसत नाही. बातमी निर्दोष होती असं मी म्हणणार नाही. पण तिने गर्दी जमवली, हेही मला पटत नाही.

मोजलेले एकवीस दिवस

२२ मार्चपासून देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. मुंबईची लोकलही थांबली. लोकल थांबलेली पाहणं हीच मुंबईकरासाठी सर्वांत मोठी बातमी होती, तिला मथळ्याची गरज नव्हती. २४ मार्चच्या रात्री पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली, ती एकवीस दिवसांची. या आकड्याला महत्त्व आहे, कारण माणूस आकडा धरून बसतो. एकवीस दिवस म्हणजे १४ एप्रिल. खोलीतलं पीठ, खिशातले पैसे, मोबाइलचा रिचार्ज, सगळं त्या तारखेपर्यंत पुरवायचं.

मुंबईत बिगारी, शिवणकाम, जरीकाम, गवंडीकाम करणाऱ्यांच्या कितीतरी खोल्या अशा असतात की त्यांत माणसं पाळीने झोपतात. दिवसपाळीचा निघाला की रातपाळीचा येऊन पडतो. भाडं परवडतं ते या हिशेबावर. टाळेबंदीने सगळ्यांना एकाच वेळी आत आणलं. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा जण, दिवसरात्र, एप्रिलच्या उकाड्यात. टीव्हीवर 'घरात राहा, सुरक्षित राहा' ही पट्टी अखंड फिरत होती. ती ज्यांच्यासाठी लिहिली होती त्यांच्याकडे घर होतं. या माणसांकडे झोपण्याची पाळी होती.

स्ट्रँडेड वर्कर्स ॲक्शन नेटवर्क या स्वयंसेवी गटाने वांद्र्याच्या घटनेनंतर एका दिवसाने, १५ एप्रिलला, आपला अहवाल काढला. मदतीसाठी त्यांच्याशी संपर्क साधलेल्या ११,१५९ मजुरांची त्यात नोंद होती. त्यांपैकी ९६ टक्क्यांना सरकारकडून शिधा मिळाला नव्हता. निम्म्या लोकांकडे एक दिवससुद्धा पुरेल इतकं धान्य उरलं नव्हतं. टाळेबंदीच्या काळात मालकाकडून काहीच पैसे न मिळालेले ८९ टक्के होते. फोन करून मदत मागणाऱ्यांचे हे आकडे आहेत, त्यामुळे ते सगळ्या मजुरांना लावता येणार नाहीत. पण कोणत्या पोटांपर्यंत ती बातमी पोचली याचा अंदाज त्यांवरून येतो.

आता संकेतांकडे बघा. ११ एप्रिलला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी महाराष्ट्रातली टाळेबंदी किमान ३० एप्रिलपर्यंत राहील असं सांगितलं. मराठी वाहिन्यांवर ते चाललं. त्याच वेळी रेल्वेचं आरक्षण मात्र १४ एप्रिलनंतरच्या तारखांसाठी चालूच होतं. गाड्या रद्द होत्या त्या १४ पर्यंतच, म्हणून पुढचं आरक्षण बंद करण्याचं कारण नव्हतं, असा त्यामागचा कार्यालयीन हिशेब. १५ एप्रिल ते ३ मे या काळासाठी सुमारे ३९ लाख तिकिटं काढली गेली होती. ती नंतर रद्द करावी लागली.

मी विद्यार्थ्यांना विचारतो, की यातली बातमी कुठली? मुख्यमंत्र्यांचं निवेदन की फोनमध्ये आलेला तिकिटाचा संदेश? त्या संदेशात गाडीचा क्रमांक असतो, तारीख असते, पैसे कापल्याची नोंद असते. त्याच्यापुढे कुठल्याही नेत्याचं भाषण फिकं पडतं. साथीच्या काळात लोकांच्या वागण्यावर परिणाम करणारी माहिती फक्त माध्यमांतून येते असं आपण धरून चालतो आणि तिथेच पहिली चूक होते. दुकानाचं उघडं शटर हीही बातमी असते आणि चालू असलेली आरक्षणाची खिडकीही.

सकाळची बातमी

१३ एप्रिलचं दक्षिण मध्य रेल्वेचं एक अंतर्गत पत्र होतं. या रेल्वेचं मुख्यालय सिकंदराबादला, पण मराठवाड्याचा मोठा भाग तिच्या नांदेड विभागात येतो. म्हणजे उस्मानाबादसारख्या ठिकाणच्या वार्ताहराच्या हाती असं पत्र लागणं अगदी स्वाभाविक आहे. अडकून पडलेल्या लोकांसाठी 'जनसाधारण' विशेष गाड्या चालवण्याची तयारी, हा त्या पत्राचा विषय. १४ एप्रिलच्या सकाळी त्यावरून बातमी चालली.

पत्र खरं होतं. बातमी हवेतून आलेली नव्हती, आणि ही बाब त्या पत्रकाराच्या बाजूने ठळकपणे नोंदवायला हवी. आपली बातमी कागदपत्रावर आधारलेली होती आणि गाड्या बंदच राहणार हे नंतर आपणच सांगितलं, अशी वाहिनीची बाजू होती.

मग दोष कुठे? माझ्या मते तो क्रियापदात. कार्यालयातलं अंतर्गत पत्र बहुतेक वेळा 'करावयाचे झाल्यास' अशा भाषेत विचार करतं. डेस्कवर येता येता त्याचं 'करण्याचा विचार' होतं. टीव्हीच्या पट्टीवर जागा कमी, तिथे 'करणार' उरतं. आणि गल्लीत पोचेपर्यंत 'गाडी सुटतेय' होतं. प्रत्येक पायरीवर एकेक अट गळते आणि कुणी जाणूनबुजून खोटं बोललेलं नसतं. डेस्कवर असताना मी स्वतः एकदा 'पाणीपुरवठा बंद राहण्याची शक्यता' यातला 'शक्यता' हा शब्द जागेसाठी काढून टाकला होता. त्या संध्याकाळी शहराच्या एका भागात टँकरभोवती जी मारामारी झाली तिची दृश्यं आमच्याच वाहिनीवर चालली. पाणी बंद झालंच नव्हतं. तो शब्द मी आजही विसरलेलो नाही.

वांद्र्याच्या बाबतीत गल्लीतली पायरी आणखी अवघड होती, कारण भाषा बदलत होती. जमलेल्यांत बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशातले मजूर होते. मराठी पट्टी त्यांनी स्वतः वाचून समजून घेतली असेल असं मला वाटत नाही. कुणीतरी वाचून हिंदीत सांगितलं असेल, कुणी ते बंगालीत पुढे नेलं असेल, कुणी टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला असेल. हा माझा तर्क आहे. पण त्या वस्त्यांत त्यांच्या भाषेत, ठरलेल्या वेळी, भरवशाची स्थानिक माहिती देणारं दुसरं काहीच नव्हतं, हे तर्काने सांगावं लागत नाही. मार्चच्या अखेरीस मुंबईत छापील वर्तमानपत्रांचं वाटपच काही दिवस थांबलं होतं. कागदावरून विषाणू येतो या भीतीने सोसायट्यांनी फाटकं लावली होती आणि विक्रेत्यांनी काम बंद ठेवलं होतं. हिंदी, उर्दू पेपर नाक्यावर एकाने विकत घ्यायचा आणि दहा जणांनी वाचायचा ही सवय तिथेच तुटली.

मधल्या तासांत काय झालं

सकाळी दहाला पंतप्रधान बोलले. टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढली. काही भागांत २० एप्रिलनंतर अटींसह सूट मिळू शकेल असं त्यांनी सांगितलं. अडकलेल्या मजुरांना गावी कधी जाता येईल याबद्दल काही नव्हतं. पाठोपाठ रेल्वेने सगळ्या प्रवासी गाड्या ३ मेपर्यंत बंद ठेवल्याचं जाहीर केलं.

सगळ्यांनी दुर्लक्षिलेला धागा मला इथे दिसतो. गर्दी बातमीने जमली असती तर ती सकाळी जमायला हवी होती. गाडी आहे असं ज्याला वाटतं तो लवकर निघतो, जागा धरतो. ही गर्दी दुपारनंतर जमली, गाड्या नाहीत हे अधिकृतपणे सांगून झाल्यावर काही तासांनी. म्हणजे लोक आशेने आले होते की आशा संपल्यामुळे? दोन्हीही असेल. एकाला वाटलं असेल की सकाळचं खरं आणि दहाचं आपल्यासाठी नाही. दुसऱ्याला काहीच वाटलं नसेल, समोरच्या खोलीतले दहा जण निघाले म्हणून तोही निघाला. तिसरा शिधा मिळेल या आशेने आला असेल. आपल्याला जेवणही नको, निवाराही नको, घरी जायचंय, अशी मजुरांची मागणी असल्याचं तेव्हाचे मंत्री आदित्य ठाकरे यांनी त्याच दिवशी ट्विटरवर मांडलं आणि केंद्राने घरी पाठवण्याचा निर्णय घेतला नाही म्हणून हे घडलं असंही म्हटलं. त्यांनी सुरतचाही उल्लेख केला. तिथले कापड कामगार चार दिवसांपूर्वी, १० एप्रिलला, घरी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर उतरले होते. उस्मानाबादहून आलेली मराठी बातमी सुरतेत कुणी पाहिली नव्हती, कारण ती अजून आलेलीच नव्हती.

सुरतेतली अस्वस्थता बातमीशिवाय रस्त्यावर आली. तेव्हा वांद्र्यातही ती आलीच असती, असं म्हणता येईल. पण कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी आणि कोणता शब्द तोंडात घेऊन, हे ठरवण्यात बातमीचा हात असू शकतो. भुकेला बातमी लागत नाही. पण भुकेल्या माणसाला घराबाहेर पडायला एक कारण लागतं, चार जणांना सांगता येईल असं, पोलिसाने अडवलं तर त्याला देता येईल असं. 'गाडी आहे' हे तसं कारण आहे. बातमी माणसाला ढकलतेच असं नाही, ती त्याला परवानगी देते. साथीच्या काळात मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

त्याच दिवशी, त्याच शहरात

१४ एप्रिल म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. दरवर्षी आदल्या रात्री बारापासून वस्त्यावस्त्यांत गाणी, फटाके, दुसऱ्या दिवशी मिरवणुका. २०२० साली मिरवणुका निघाल्या नाहीत. लोकांनी घरातच प्रतिमेला हार घातला, दिवे लावले, वाचन केलं. अनेक दिवस आधीपासून नेते, कार्यकर्ते, विहारांतली मंडळी हेच आवाहन करत होती आणि मराठी वाहिन्या, पेपर ते सतत देत होते. लाखो माणसं ज्या दिवशी रस्त्यावर येतात त्या दिवशी ती घरात राहिली. वांद्र्याच्या हजारभर लोकांची दृश्यं देशभर फिरली. घरात राहिलेल्या लाखोंचं दृश्य नसतं, म्हणून ते प्रकरण अभ्यासात येत नाही. यायला हवं.

दोन्हींकडे साथ तीच, पोलीस तेच, वाहिन्याही त्याच. जयंतीचा निरोप ओळखीच्या माणसाच्या तोंडून आला होता, आपल्या बोलीत, अनेक दिवस आधी. काय करायचं नाही याबरोबर काय करायचं हेही त्यात होतं. आणि तो पाळणं शक्य होतं, कारण त्या रात्री घरी चूल पेटणार होती. वांद्र्यातल्या मजुराला यातलं काहीही मिळालं नव्हतं. मी मुद्दाम चूल शेवटी लिहिली. वार्तांकन कितीही चांगलं असलं तरी रिकाम्या डब्यावर त्याचा परिणाम होत नाही, हे आम्ही बातमीवाले सहज विसरतो.

संध्याकाळची बातमी

सकाळच्या बातमीवर गुन्हा दाखल झाला. संध्याकाळच्या बातम्यांवर झाला नाही. माझ्या मते जास्त नुकसान त्यांनी केलं.

गर्दी पांगेपर्यंत देशभरच्या वाहिन्यांवर तिची दृश्यं होती. त्यांत मशीद दिसत होती. ती दिसणारच, कारण ती स्टेशनच्या त्या बाजूला समोर आहे आणि मोकळी जागाही तिथेच आहे. पण मार्चच्या अखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधल्या, म्हणजे तबलिगी जमात या मुस्लीम धर्मप्रचारक संघटनेच्या मुख्यालयातल्या, मेळाव्यावरून जे वार्तांकन झालं होतं त्यानंतर साथ आणि मशीद एका चौकटीत दिसली की बघणाऱ्याच्या मनात अर्थ आधीच तयार असायचा. 'यांच्याकडे बॅगा का नाहीत?' हा प्रश्न त्या संध्याकाळी स्टुडिओंतून आणि मोबाइलवरून हजारो वेळा विचारला गेला. गाडी पूर्वेहून सुटते, मग हे पश्चिमेला कसे, हाही. त्यामागचं सुचवणं उघड होतं: हे कुणीतरी जमवलेले लोक आहेत.

मला या दोन्ही प्रश्नांची साधी उत्तरं दिसतात. आपापल्या वस्तीतून चालत निघालेल्या माणसाला सगळ्यांत जवळचं मोकळं ठिकाण पश्चिमेचं. आणि पिशवी? गाडी नक्की आहे का हे बघायला निघालेला माणूस आधी नुसता जातो, ट्रंक उचलून नाही. एसटी स्टँडवर चौकशीला आपण बोचकं घेऊन जातो का? ही उत्तरं बरोबरच आहेत असा माझा दावा नाही. पण प्रश्न विचारणाऱ्यांनी त्या गर्दीतल्या एखाद्याला ते विचारलं असतं तर खरं उत्तर मिळालं असतं.

बातम्यांच्या या दुसऱ्या लाटेचा लोकांच्या वागण्यावर परिणाम झाला तो वेगळ्या माणसांवर, म्हणजे घरात बसलेल्यांवर. फळवाल्याला नाव विचारून माल घेणं, सोसायटीत कामवाल्यांना अडवणं, परप्रांतीय मजुराला साथीचा वाहक समजणं, याला असं वार्तांकन खतपाणी घालतं. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द करताना, मरकजला आलेल्यांविरुद्ध छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून मोठा प्रचार झाला असं नोंदवलं. निकाल आपल्याच राज्यातला, आपल्याच माध्यमांना लागू होणारा. त्याला एप्रिलच्या दृश्यांच्या तुलनेत किती जागा मिळाली ते ज्याने त्याने आठवून पाहावं.

अटकेचा अर्थ

पत्रकाराला १६ एप्रिलला वांद्र्याच्या न्यायालयात जामीन मिळाला. लावलेल्या कलमांत साथरोग कायदा होता, १८९७ चा. मुंबईत १८९६ साली मांडवीत प्लेग दिसला, माणसं शहर सोडून पळाली, त्या धास्तीत केलेला हा कायदा. सव्वाशे वर्षांनी त्याच शहरात, पुन्हा पळू पाहणाऱ्या माणसांच्या संदर्भात तो वापरला गेला. तेव्हाही गिरण्यांतले लोक कोकणात, घाटावर निघून गेले होते आणि ते कुठल्या पेपरच्या मथळ्यामुळे गेले नव्हते.

वांद्र्याच्या दोन आठवडे आधी, ३१ मार्चला, सर्वोच्च न्यायालयासमोर केंद्र सरकारने सांगितलं होतं, की टाळेबंदी तीन महिने चालणार अशा खोट्या बातमीमुळे घबराट पसरून मजूर शहरं सोडून निघाले. न्यायालयाने मोकळ्या चर्चेत हस्तक्षेप न करता माध्यमांना सरकारचं अधिकृत म्हणणं छापायला-दाखवायला सांगितलं आणि सरकारला रोजचं निवेदन द्यायला. म्हणजे 'बातमीमुळे माणसं निघाली' ही मांडणी वांद्र्याच्या आधीच तयार होती. १४ एप्रिलला तिला फक्त एक पत्रकार मिळाला.

जिल्ह्यातल्या वार्ताहरांवर अशा अटकेचा परिणाम काय होतो, हे मी जवळून पाहिलेलं आहे. त्यांतल्या अनेकांना पगार नाही, बातमीमागे पैसे मिळतात. अटक झाली की ते खोटी बातमी देणं बंद करत नाहीत, कारण ती ते देतच नव्हते. ते कागद मागणं बंद करतात. सरकारी निवेदन जसंच्या तसं पुढे पाठवतात, त्यात जोखीम नाही. आणि मग वस्तीला जे कळायला हवं, शिधा कुठल्या शाळेत वाटला जातोय, तपासणी कुठे आहे, रुग्णालयात खाट आहे का, ते सांगणारा माणूसच गप्प होतो. ती पोकळी व्हॉट्सॲप भरून काढतं.

इतरत्र हेच

वांद्रे एकटं नाही. २८ मार्चला दिल्लीच्या आनंद विहार बसस्थानकाबाहेर हजारोंची गर्दी झाली, उत्तर प्रदेश सरकारने बसेस सोडण्याची घोषणा केल्यावर. तिथे माहिती सरकारचीच होती आणि खरी होती, तरी गर्दी झाली. कुणासाठी, किती, कुठून, हे तिच्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी केरळात कोट्टायम जिल्ह्यातल्या पायिप्पाडला परप्रांतीय मजूर रस्त्यावर आले. त्याच सुमारास निलंबूरहून गाडी सुटणार असा खोटा संदेश पसरवल्याबद्दल केरळात अटकही झाली. तिन्ही ठिकाणी माहितीचा उगम वेगळा: सरकार, समाजमाध्यम, वृत्तवाहिनी. ओढणारा शब्द मात्र एकच, वाहन. म्हणून वाहनाची बातमी मी औषधाच्या बातमीइतकी जपून द्यायला सांगतो.

केरळने नंतर जे केलं त्यातलं एक मला फार आवडलं. मजुरांच्या छावण्यांत त्यांच्या भाषेत समोरासमोर बोलणारी माणसं पाठवली. हिंदी येणारा एक होमगार्ड मजुरांना परिस्थिती समजावतोय, ही चित्रफीत तेव्हा सगळीकडे फिरली. त्यात बातमीपेक्षा वेगळं काही नव्हतं. तो माणूस समोर उभा होता आणि त्याला उलट प्रश्न विचारता येत होता, इतकंच. मुंबईत १४ तारखेच्या संध्याकाळी मुख्यमंत्री हिंदीतून मजुरांशी बोलले. चांगलं केलं. ते हिंदी तीन आठवडे आधी, रोज, वॉर्डावॉर्डात लागत होतं.

आणि आपल्याकडेच एक बरं उदाहरण आहे. ऑगस्ट २०२० मध्ये गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांची बातमी कशी आली ते आठवा. एसटीने गेलात तर ई-पास नको, गावी गेल्यावर दहा दिवस विलगीकरण, अमुक तारखेपर्यंत पोचा. अटी बातमीच्या पोटात नव्हत्या, तोंडावर होत्या. तक्रारी झाल्या, ग्रामपंचायतींशी वादही झाले. पण परळला किंवा मुंबई सेंट्रलला वांद्रे झालं नाही. चाकरमान्याचा इथल्या राजकारणात आवाज आहे, म्हणून त्याला पूर्ण वाक्य मिळालं.

डेस्कवर बसून

त्या सकाळी डेस्कवर मी असतो तर? पत्र दाबून ठेवलं नसतं. उपाशी माणसांना घरी पाठवण्याचा विचार रेल्वेत सुरू आहे ही मोठी बातमी आहे, लोकांच्या हक्काची आहे. पण दहाला पंतप्रधान बोलणार हे ठाऊक होतं. तासभर थांबता आलं असतं. आणि पट्टी लिहिताना नकार आधी लिहिला असता: 'गाड्या अजून बंदच, दक्षिण मध्य रेल्वेत विशेष गाड्यांच्या तयारीची चर्चा, निर्णय नाही, स्टेशनवर जाऊ नका'. नीरस आहे, मान्य. पण पट्टी अर्धीच वाचली गेली तर कोणतं अर्धं उरेल, हा विचार साथीच्या काळात संपादनाचाच भाग आहे. शिवाय दहानंतर जुनी बातमी नुसती थांबवून भागत नाही, ती बदलली आहे असं तितक्याच मोठ्या अक्षरांत आणि तितक्याच वेळा सांगावं लागतं. सकाळची पट्टी ज्याने वाचून दुसऱ्याला सांगितली तो दुपारची दुरुस्ती सांगायला परत जात नाही.

पत्र खरं होतं हे सतरा दिवसांनी वेगळ्या रीतीने दिसलं. १ मेच्या पहाटे पहिली श्रमिक विशेष गाडी बाराशेच्या आसपास मजूर घेऊन तेलंगणातल्या लिंगमपल्लीहून झारखंडातल्या हटियाला निघाली. लिंगमपल्ली दक्षिण मध्य रेल्वेत येतं. सुटण्याआधी तिची जाहिरात झाली नव्हती. महाराष्ट्रातून पहिली गाडी त्याच रात्री नाशिक रोडहून भोपाळला गेली.

८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला मालगाडीखाली सोळा मजूर चिरडले गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले हे मध्य प्रदेशचे कामगार, भुसावळला गाडी मिळेल म्हणून रुळांवरून चालत निघालेले. गाड्या बंद आहेत हे त्यांनी ऐकलं होतं, म्हणून रुळांवर झोपले. प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या चालू होत्या. 'रेल्वे बंद' ही दोन शब्दांची पट्टी आम्ही सगळ्यांनी दीड महिना चालवली होती. तिच्यावर कुणी गुन्हा नोंदवला नाही, नोंदवावा असंही नाही. वांद्र्याचं प्रकरण शिकवताना मी आधी करमाड शिकवतो.

१९ मेला वांद्र्यात पुन्हा गर्दी झाली. या वेळी पूर्वेला, टर्मिनसबाहेर, बिहारच्या पूर्णियाला जाणाऱ्या श्रमिक गाडीसाठी. नावनोंदणी झालेल्यांनाच आत घेणार होते, पण यादीत नाव नसलेलेही मोठ्या संख्येने आले, कारण गाडी सुटतेय हे त्यांनी ऐकलं होतं. पोलिसांनी त्यांना परत पाठवलं. गाडी मात्र या वेळी खरोखरच सुटली.